बाळाला शी-शूचे वळण



आज आपण एका साध्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट साधी खरी, पण तिच्यापायी घरोघरी रोज रडारड होते. लेकरू मार खाते. सासू-सुनेत खटके उडतात. ती गोष्ट म्हणजे बाळाची शी-शू.

"हा काय पुस्तकात लिहायचा विषय झाला?" असे कोणी म्हणेल. पण लाजू नका. जे घरात रोज घडते, ते नीट समजून घेण्यात लाज कसली?

मी डॉक्टर नाही. मी मॅट्रिक शिकलेला मास्तर. छत्तीस वर्षे शाळेत मुले शिकवली. शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. लोक म्हणत, "गुरुजींना मुलांचे सगळे कळते." मलाही तसेच वाटे. पण घरच्याच लेकराच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. ती चूक आधी सांगतो. मग तिच्यातून काय शिकलो, ते सांगतो.

माझी चूक

माझ्या धाकट्या नातवाला घरात सगळे बंड्या म्हणतात. तो वीस महिन्यांचा होता, तेव्हाची गोष्ट. त्याची चुलतबहीण दीड वर्षाची असतानाच "शी आली" म्हणून सांगायची. बंड्या काही सांगत नसे. खेळता खेळता ओसरीवर, अंगणात, कुठेही होऊन जाई. मला वाटले, घरात शिस्त नाही. शाळेत घंटा झाली की मुले कशी रांगेत उभी राहतात! मी ठरवले, याला आपणच वळण लावायचे.

रोज सकाळी सात वाजता मी त्याला संडासात नेऊन बसवू लागलो. संडास मोठ्या माणसांचा. पाय ठेवायच्या जागा लांब लांब. मध्ये काळे भोक. बंड्याचे पाय फाकायचे. तोल जायचा. तो मला गच्च धरून किंचाळायचा. मी दरडावून म्हणायचो, "बस खाली! झाल्याशिवाय उठायचे नाही." अर्धा अर्धा तास त्याला बसवून ठेवी. तिथे तो काहीच करीत नसे. बाहेर आणला की दहा मिनिटांत चड्डीत करी.

एक दिवस घरी पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोरच बंड्याने ओसरीवर शी केली. मला राग आवरला नाही. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्या दिवसापासून निराळेच घडू लागले. शी आली की बंड्या कणगीमागे जाऊन लपे. टाचा उंच करी. पायाला पाय आवळून उभा राही. तोंड लाल लाल होई. आम्हाला वाटे, पोर जोर करते आहे. पण तसे नव्हते. तो शी बाहेर काढीत नव्हता, आतल्या आत दाबून धरीत होता.

चार दिवस शी झाली नाही. पाचव्या दिवशी झाली, ती खड्यासारखी. तिला रक्त लागले होते. पोर असे ओरडले, की शेजारी धावत आले. पुढे आठवडाभर नीट शी नाही. चड्डीला मात्र सारखे पातळ डाग पडू लागले. आम्ही म्हणालो, "हगवण लागली." मी दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणायला निघालो. वाटेत आशाताई भेटली.

"गुरुजी, कुठं निघालात?"

मी सांगितले. ती म्हणाली, "थांबा. त्याला नीट शी होऊन किती दिवस झाले?"

"आठ दिवस तरी झाले असतील."

"मग गोळी नका देऊ. आधी दवाखान्यात दाखवू."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बंड्याचे पोट हलक्या हाताने चाचपले. मग त्या म्हणाल्या, "ही हगवण नाही, गुरुजी. आत शीचा घट्ट गोळा अडकला आहे. त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. ती झिरपते हे त्याला कळतही नाही. तुम्ही जुलाब थांबवायची गोळी दिली असती, तर गोळा आणखी घट्ट झाला असता."

मग त्यांनी विचारले, "शी करताना याला कोणी रागावले का? मारले का?"

छत्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारीत आलो. त्या दिवशी एका प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. मी खाली मान घातली.

मूल शी का दाबून धरते?

डॉक्टरबाईंनी मला समजावले, ते असे.

मुलाला मार बसतो. शी केली म्हणून मारले, एवढेच त्याला कळते. शी चुकीच्या जागी केली म्हणून मारले, हे त्याला कळत नाही. मग ते शी दाबू लागते. आत राहिलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेते. शी वाळते, घट्ट होते. घट्ट शी बाहेर पडताना दुखते. दुखते म्हणून मूल पुन्हा दाबते. दाबली की आणखी घट्ट होते. असा हा फेरा. एकदा मूल या फेऱ्यात अडकले, की सोडवायला महिने लागतात.

बंड्याला शी मऊ करणारे औषध मिळाले. ते पुढे चार महिने चालू होते. आणि मला पथ्य मिळाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन महिने याला संडासाचे नावही काढू नका. चड्डीत करू द्या. हसून धुवा. मारायचे तर नाहीच, तोंडही वाकडे करायचे नाही."

आता तुम्ही विचाराल, "मग वळण लावायचेच नाही का?" लावायचे तर. पण केव्हा लावायचे, हे आधी कळले पाहिजे.

कणीस भरल्याशिवाय कापत नाहीत

आपल्या पोटात आतड्याची लांब नळी आहे. तिच्या शेवटाला दोन झडपा आहेत. पाटाला दार असते ना, तशा. आतली झडप आपोआप उघडते. ती कुणाच्या हातात नसते. बाहेरची झडप आपल्या मनावर चालते. शी आली, पण माणसांत बसलो आहोत, तर आपण ती थोडा वेळ थोपवतो. ते या बाहेरच्या झडपेमुळे.

तान्ह्या बाळाला ही बाहेरची झडप हवी तशी चालवता येत नाही. "शी आली आहे" हा निरोप मेंदूपर्यंत जायला हवा. "थांब, जागेवर जाऊन कर" हा हुकूम मेंदूकडून खाली यायला हवा. ही ये-जा वयाप्रमाणे हळूहळू पक्की होते. मारून ती लवकर होत नाही. ज्वारीच्या ताटाला कितीही धमकावले, तरी कणीस आपल्या वेळेलाच भरते.

बहुतेक मुलांची ही तयारी दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान होते. कोणाची आधी, कोणाची नंतर. पुष्कळदा मुली मुलांच्या थोड्या आधी शिकतात. म्हणून बहिणीचे उदाहरण देऊन भावाला हिणवू नये. शेजारच्या पोराशी तर तुलनाच करू नये.

इथे एखादी आजी म्हणेल, "आमच्या वेळी सहा महिन्यांचं पोर पायावर बसवलं, की शी करायचं! तुमचं हे काहीतरी नवीनच."

आजीचे खोटे नाही. आपल्याकडे आई किंवा आजी पाय लांब करून बसते. पावलांवर बाळाला बसवते. तोंडाने "शूऽऽ शूऽऽ" असा आवाज करते. बाळ शू करते, शी करते. ही रीत चांगली आहे. बाळाला आधार असतो. आईचा चेहरा समोर असतो. भीती वाटत नाही. जबरदस्ती नसेल, तर ती जरूर चालू ठेवा.

पण नीट विचार करा. सहा महिन्यांच्या बाळाची वेळ कोण ओळखते? आजी ओळखते. म्हणजे वळण आजीला लागलेले असते, बाळाला नव्हे. बाळाने स्वतः ओळखणे, थोपवणे आणि सांगणे, हे पुढचे शिक्षण. म्हणून पायावर बसून शी करणारे मूल चालायला लागल्यावर अंगणात शी करते, तेव्हा ते खोडी काढीत नाही. ते नवा धडा शिकत असते.

तयारी कशी ओळखावी?

मुलाचे वय मोजू नका. मुलाकडे बघा. या खुणा दिसतात का, ते पाहा.

पहिली खूण : दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते. दुपारच्या झोपेतून मूल कधी कधी कोरडे उठते.

दुसरी खूण : शी साधारण ठरावीक वेळेला होते.

तिसरी खूण : शी येते ते मुलाला कळते. खेळता खेळता ते थांबते. कोपऱ्यात जाते, उकिडवे बसते, किंवा चड्डी ओढू लागते.

चौथी खूण : मूल नीट चालते. आपले आपण उकिडवे बसते आणि उठते.

पाचवी खूण : "तांब्या आण", "इथे बस" असे साधे बोलणे त्याला समजते.

सहावी खूण : ओले झालेले त्याला आवडत नाही. मोठ्यांसारखे करावे असे वाटते.

यांतल्या बहुतेक खुणा दिसल्या, की सुरुवात करावी. एक-दोनच दिसल्या, तर महिनाभर थांबावे. थांबल्याने काही बिघडत नाही. उशिरा सुरू केलेले मूल पुष्कळदा लवकर शिकते.

आणखी एक ध्यानात ठेवा. मूल आधी शी झाल्यावर सांगते. मग होत असताना सांगते. शेवटी होण्याच्या आधी सांगते. चड्डीत करून मूल "आई, शी" म्हणाले, तर आपण रागावतो. म्हणतो, "आता सांगतोस होय? आधी सांगता येत नाही?" पण ती तर पहिली पायरी! त्याला शाबासकी द्या. "सांगितलंस, शहाणा माझा!" असे म्हणा. पहिल्या पायरीवर मार खाल्लेले मूल दुसरी पायरी चढत नाही.

केव्हा सुरू करू नये?

घरात नवे बाळ आले असेल, तर थांबा. मोठ्या लेकराचे मन आधीच कावरेबावरे झालेले असते. ताप, खोकला, जुलाब असतील तर थांबा. आई नुकतीच दूर गेली असेल, तर थांबा. ऊसतोडीला जायचे असेल, तर कोपीवर जाऊन नवे वळण सुरू करू नका. जागा नवी, पाणी दूर, आईबाप पहाटे फडात. परत गावी येऊन स्थिरस्थावर झाल्यावर करा.

जमेल तर उन्हाळ्यात सुरू करावे. अंगावर कपडे थोडे असतात. धुतलेले लगेच वाळते. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत, आणि त्याचा राग लेकरावर निघतो.

वळण कसे लावावे?

पहिले काम जागेचे. मुलाचे पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. त्याला पडण्याची भीती वाटता कामा नये. बाजारात प्लास्टिकचे शीचे भांडे मिळते. ते आणले तर उत्तम. नसेल तर अंगणाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात राख पसरा, किंवा जुना कागद अंथरा. तिथे बसवा. नंतर ती शी राखेसकट उचलून संडासात टाका.

मोठ्या संडासात न्यायचे असेल, तर मागून काखेत हात घालून मुलाला धरा. दार उघडे ठेवा, उजेड असू द्या. मूल बसलेले असताना बादलीभर पाणी ओतू नका. त्या आवाजाला मुले घाबरतात. आणि लहान मुलाला एकटे कधीही सोडू नका. संडासाजवळ भरलेली बादली असते, हौद असतो. चिमुरडे मूल बादलीभर पाण्यातही बुडते.

दुसरे काम वेळेचे. झोपून उठल्यावर, जेवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आंघोळीच्या आधी आणि रात्री निजताना बसवा. जेवल्यावर का? पोटात अन्न पडले, की आतडी हलू लागतात. तेव्हा शी सहज होते. चार-पाच मिनिटे बसवा. झाली तर छान. नाही झाली, तर हसून उठवा. माझ्यासारखे अर्धा तास डांबून ठेवू नका.

तिसरे काम कपड्यांचे. नाडीची गाठ नको. मुलाला स्वतः खाली ओढता येईल अशी सैल, रबराची चड्डी घाला. लेकराला घाई झालेली असते, आणि आपण गाठ सोडीत बसतो. मग व्हायचे ते होते.

चौथे काम बोलण्याचे. सगळ्या घराने एकच शब्द वापरावा. आई "शी" म्हणते, आजी दुसरेच काही म्हणते, असे नको. "छी, घाण, घाणेरडा" असे म्हणू नका. लेकराला वाटते, आपणच घाणेरडे. जागेवर केली, तर "शाब्बास" म्हणा, टाळी वाजवा. दरवेळी गोळी-चॉकलेट नको. तुमचे हसणे हाच त्याचा खाऊ.

पाचवे काम चुकल्यावरचे. चूक होणारच. तेव्हा शांतपणे म्हणा, "शू झाली? चल, पुसू या. पुढच्या वेळी सांग हं." बस्स. पुसताना त्याच्याही हातात फडके द्या. शिक्षा म्हणून नव्हे, घरातले काम म्हणून.

सहावे काम बापाचे. पुष्कळ बाप्यांना वाटते, हे बायकांचे काम. बाई दिवसभर रानात खुरपते. घरी येऊन स्वयंपाक करते. आणि पोराने चड्डी भरवली, की नवरा ओरडतो, "अगं, बघ याच्याकडे!" का? तुमच्या हाताला काय झाले? मुलगा बापाचे बघून शिकतो. बापाने हात धरून जागेवर नेले, तर त्याला केवढी ऐट वाटते!

पंधरा दिवस हे सारे करून बघा. मूल रडत असेल, अंग ताठ करीत असेल, तर सोडून द्या. महिना-दोन महिने जाऊ द्या. मग पुन्हा सुरू करा. यात हार कुणाची नाही.

डायपरविषयी थोडेसे

हल्ली खेड्यातल्या दुकानातही डायपर मिळतो. प्रवासात, लग्नकार्यात तो सोयीचा आहे. पण दिवसरात्र घातला, तर मुलाला ओले झालेले कळतच नाही. कळले नाही तर शिकणार कसे? खर्च होतो तो वेगळाच. बराच वेळ ओला राहिला, तर मांड्या सोलवटतात. घरी असताना सुती लंगोट किंवा साधी चड्डी बरी.

वापरलेला डायपर ओढ्यात, विहिरीकडे, उकिरड्यावर फेकू नका. संडासातही टाकू नका, संडास तुंबतो. आतली शी संडासात झटकावी. डायपर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवावा आणि ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्यावा.

लहान मुलाची शी निर्मळ नसते

आपल्यात एक समजूत आहे. "लहान लेकराची शी, तिला काय होतंय!" मग ती अंगणात पडून राहते. कोणी वाटेच्या कडेला टाकतो. कुत्र्याने खाल्ली, की आपण म्हणतो, साफ झाले.

ही समजूत चुकीची आहे. लहान मुलाच्या शीतही जुलाबाचे, काविळीचे, विषमज्वराचे जंतू असू शकतात. जंतांची अंडी असतात. ती डोळ्याला दिसत नाहीत. मातीत महिनोन्महिने जगतात. माशी शीवर बसते, मग भाकरीवर बसते. कोंबडी ती पायाने पसरते. दुसरे लेकरू त्याच मातीत खेळते, आणि तेच बोट तोंडात घालते. एका घरची शी अशी दहा घरांत जाते.

म्हणून मुलाची शी संडासातच टाकावी. भांडे धुतलेले पाणीही संडासातच ओतावे. संडास नसेल, तर विहीर आणि हातपंपापासून लांब खड्डा खणून शी पुरावी आणि वर माती लोटावी. मग साबणाने हात धुवावेत, आपले आणि लेकराचेही. नुसत्या पाण्याने हात धुतले, तर जंतू राहतात. मुलीला धुताना पुढून मागे धुवावे. मागची घाण पुढे आली, तर लघवीला जळजळ होते, ताप येतो.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले, की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आज गावोगाव संडास झाले. पण लेकरांची शी अंगणातच राहिली, तर गाव अर्धेच झाडले म्हणायचे.

रात्रीची गोष्ट वेगळी

दिवसा सांगणारे मूल रात्री अंथरूण ओले करते. त्यात नवल नाही. रात्रीचे वळण दिवसाच्या मागून येते. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. पाच वर्षांपर्यंत पुष्कळ मुले अंथरुणात शू करतात. काही सात वर्षांपर्यंतही करतात. मूल ते मुद्दाम करीत नाही. ते झोपेत असते. झोपेतल्या गोष्टीची शिक्षा जाग आल्यावर देणे हा कुठला न्याय?

आणि बाप्यांनो, आपल्या आईला विचारून बघा. पुष्कळदा लहानपणी बापानेही अंथरूण ओले केलेले असते. हे घराण्यात चालत येते.

निजण्यापूर्वी शू करवा. गोधडीखाली मेणकापड घाला. चारचौघांत, पाहुण्यांत त्याची चेष्टा करू नका. दिवसभर पाणी मात्र भरपूर पिऊ द्या. पाणी तोडल्याने वळण लागत नाही. उलट शी घट्ट होते.

शी घट्ट होत असेल तर

चहा-बिस्किटावर वाढणाऱ्या मुलांची शी घट्ट होते. दिवसभर नुसते दूध पिणाऱ्यांचीही होते. दूध पाजून पोट भरते, मग मूल भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. मुलाला वरणात कुस्करलेली भाकरी द्या. पालेभाजी, भोपळा द्या. पिकलेली पपई, पेरू द्या. रात्री भिजवलेल्या मनुका कुस्करून द्या. पाणी द्या.

काही घरांत लेकराच्या शीच्या जागी साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालतात. तसे करू नका. नाजूक कातडीला इजा होते. मुलाची भीती आणखी वाढते. मनानेच एरंडेलही पाजू नका. औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

पुढील गोष्टी दिसल्या, तर घरी थांबू नका. शीत रक्त दिसणे. पोट फुगणे आणि उलट्या होणे. चार-पाच दिवस शी न होणे. लघवी करताना रडणे, सोबत ताप असणे. चांगले शिकलेले मूल एकाएकी पुन्हा ओले करू लागणे, आणि त्याला फार तहान लागणे. चार वर्षे झाली, तरी दिवसा शी-शू न कळणे. अशा वेळी आशाताईला सांगा. सरकारी दवाखान्यात दाखवा.

बंड्याचे पुढे काय झाले?

डॉक्टरबाईंनी सांगितले, तसे आम्ही केले. औषध दिले. बिस्किटे बंद केली. मी बाजारातून एक निळे भांडे आणले आणि ओसरीत ठेवून दिले. "यावर बस" असे एकदाही म्हणालो नाही. बंड्या त्याच्याशी खेळे. डोक्यावर घेऊन टोपी करी. मी बघत राही.

त्याची चड्डी मी स्वतः धूत असे. हेडमास्तर नळावर चड्डी धुतो, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसत. हसोत बापड्या. ज्या हाताने धपाटा घातला, त्या हाताला ते काम होते.

बंड्या अडीच वर्षांचा झाला. एक दिवस मी ओसरीवर पेपर वाचीत होतो. त्याने येऊन माझे बोट धरले. हळूच म्हणाला, "आबा, शी."

मी पेपर टाकला. दोघे भांड्याकडे गेलो. तो बसला. माझे बोट त्याने सोडले नाही. मीही सोडवून घेतले नाही. थोड्या वेळाने तो माझ्याकडे बघून हसला. झाले होते.

पोरांना मी बाराखडी शिकवली, पाढे शिकवले. पण लेकराची वेळ ओळखून थांबायला मी त्याच्याकडून शिकलो.

ध्यानात ठेवा

१. मुलाची तयारी पाहून सुरू करा. शेजाऱ्याचे मूल पाहून नको.
२. मारू नका, लाजवू नका. मारलेले मूल शी दाबून धरते.
३. पाय टेकतील अशी जागा द्या. जेवल्यानंतर चार-पाच मिनिटे बसवा.
४. चुकले तर पुसा. जमले तर शाबासकी द्या.
५. शी संडासात टाका. साबणाने हात धुवा.
६. कोंडलेल्या शीच्या कडेने पातळ शी झिरपते. तिला हगवण समजू नका.

वाचून झाल्यावर घरात बोला

१. आपल्या घरातल्या लहान मुलात कोणत्या खुणा दिसतात?
२. आपण त्याच्या शी-शूला काय म्हणतो? सगळे एकच शब्द वापरतात का?
३. आपल्या घरी मुलाची शी कुठे टाकतात?
४. या कामात घरातले बाप्ये काय मदत करतील?